धायरी ते हिंजवडी, मागे आई आणि डोक्यात लडाख

पत्र:

दादा नमस्कार, मी २६ वर्षांचा, राहायला पुण्यात धायरीला, नोकरी हिंजवडी फेज टूला, रोजचं जाऊन येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास होतं. लडाखला बाइकवर जायचं हे कॉलेजपासूनचं स्वप्न आहे त्यामुळे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मनात भरलीये. ऑफिसातला मित्र म्हणतो लडाख वगैरे सोड, केटीएमची ३९० ड्यूक घे, क्विकशिफ्टर, टीएफटी स्क्रीन, चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल सगळं मिळतं, पैसा वसूल. बाबा आकुर्डीला बजाजमध्ये होते, त्यांचं म्हणणं सीएनजीवाली फ्रीडम घे नाहीतर गपचूप दुसरी पल्सर घे. सध्या त्यांचीच २००९ ची पल्सर १५० चालवतोय पण ती आता धूर सोडायला लागलीये. बजेट ऑनरोड अडीच लाख, त्यातले एक लाख हातात, बाकी लोन. उंची ५ फूट ४ इंच. आईला दर गुरुवारी मंडईजवळ दत्ताला न्यावं लागतं, तिचे गुडघे दुखतात. पन्नास रिव्ह्यू बघून झाले, डोक्याचं पार दही झालंय. लडाखला चालेल आणि रोजही चालेल अशी एकच गाडी सांगा.

कन्फ्यूज धायरीकर

उत्तर:

कन्फ्यूज धायरीकरा,

तुझ्या पत्रात लडाख तीनदा आलंय आणि आई एकदाच, ते पण गुडघ्यांसकट अगदी शेवटी. मी उलटं मोजतो. ऑफिसला वर्षातले दोनशे-सव्वादोनशे दिवस तरी जाशील, गुरुवार बावन्न, आणि लडाख आयुष्यात एकदा, तेही मॅनेजरने सलग पंधरा दिवस सोडलं तर. म्हणून मी तुला गाडी सांगणार ती तुझ्या रोजच्या वाटेवरच्या नवले पुलासाठी, लडाखच्या खारदुंगला खिंडीसाठी नाही. राग आला तर येऊ दे, पण पुढे वाच.

आधी पैसे, कारण ते पटकन संपतात. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तेव्हाच तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत २ लाख ६९ हजार होती, नवी ३९० ड्यूक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३ लाख ११ हजारांना आली, आणि यावर रोड टॅक्स, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन असं सगळं चढतं. म्हणजे तुझ्या अडीच लाख ऑनरोडमध्ये या दोन्ही बसतच नाहीत, मग पन्नास रिव्ह्यू बघून तू नक्की काय बघितलंस? रिव्ह्यूवाल्यांना किंमत एका वाक्यात उरकायची असते, एक्स-शोरूम सांगून ते मोकळे, चेक तुला फाडायचाय.

त्यात आता ३५० सीसीची एक रेषा आखली गेलीये आणि ती तुझ्या यादीच्या बरोबर मधून जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला, आधी सेस धरून ३१ होता. काही कंपन्यांनी वाढलेला भार काही काळ स्वतःच सोसला म्हणून शोरूममध्ये तो लगेच जाणवला नाही, पण कंपनी कायमची कुणाची मावशी नसते. बरं, ही रेषा इन्शुरन्समध्येही आहे आणि तिथे तर ती आधीपासूनच होती. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, २०२२ च्या दरांनी १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर गेलास की १५,११७, जीएसटी वेगळा. मी तुला सांगणार आहे त्या रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे, एक सीसीने अलीकडे. योगायोग म्हण, धोरण म्हण, पण फायदा तुझा आहे.

आता रस्ता. संध्याकाळी सात वाजता तू बालेवाडी, चांदणी चौक, वारजं करत नवले पुलाकडे येतोस, सर्व्हिस रोडला रिक्षा, टेम्पो, पाण्याचे टँकर, मधेच एक उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला जो तुझ्याकडेच रागाने बघतो. मी एकदा मुद्दाम मोजायला घेतलं होतं की वारज्याच्या पुलापासून नवले पुलापर्यंत क्लच किती वेळा दाबतो, एकशे चाळीसनंतर मोजणं सोडलं कारण समोरचा टेम्पो उतारावर मागे यायला लागला. त्या अर्ध्या तासात कुठलाही टीएफटी तुझ्या कामाला येत नाही, कामाला येतात तुझी डावी बोटं. त्यामुळे शोरूममध्ये गेलास की चावी मागायच्या आधी क्लच दोन बोटांनी दाबून बघ, सलग तीस वेळा, लाजू नकोस, सेल्समन हसला तर हसू दे.

स्लिप-असिस्ट क्लच हा शब्द तू ऐकलाच असशील, सगळे फीचर म्हणून मिरवतात पण तो काय करतो ते कुणी सांगत नाही. क्लचच्या आत तिरक्या कापाचे उतार असतात, इंजिन ओढ देतं तेव्हा ते प्लेट्सना एकमेकींवर आवळतात, त्यामुळे स्प्रिंग फार कडक ठेवावी लागत नाही आणि लिव्हर हलकी लागते. आणि घाईत दोन गिअर खाली टाकलेस की तेच उतार प्लेट्स जराशा सैल सोडतात, मागचं चाक गचकन धरत नाही. क्विकशिफ्टरपेक्षा हे शंभर पटीने उपयोगाचं. क्विकशिफ्टरने क्लच न दाबता गिअर पडतो हे खरं, पण ती मजा इंजिन चांगलं फिरत असताना, घाटात किंवा ट्रॅकवर. रांगत्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला तो झटके देतो आणि तू शेवटी क्लचच दाबतोस. तुझ्या मित्राला विचार वाकडच्या सिग्नलला तो किती वेळा क्विकशिफ्टर वापरतो.

दुसरी गोष्ट टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, आणि टॉर्कचा नुसता आकडा नाही तर तो कुठे मिळतो ते. ड्यूक ३९ न्यूटन मीटर देते पण ६,५०० आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला एवढे फेरे होतात तेव्हा), ट्रायम्फ स्पीड ४०० ही ३७.५ देते ६,५०० ला. हंटर ३५० फक्त २७ देते पण ४,००० लाच. कागदावर हंटर गरीब वाटते, पॉवर तर जेमतेम २० हॉर्सपॉवर, ड्यूकची ४६ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच समज). पण वारज्यात तुझा काटा ६,५०० ला जातो कधी? दुसऱ्या गिअरला वीसच्या स्पीडने गाडी न कुरकुरता ओढली पाहिजे, मागे आई असताना स्पीडब्रेकरवरून उठताना क्लच अर्धा धरून ठेवावा लागू नये, एवढीच तुझी रोजची मागणी. शिवाय जी इंजिनं पाण्याने गार होतात त्यांचा फॅन ट्रॅफिकमध्ये सुरू झाला की गरम हवा कधी नडगीवर, कधी मांडीवर येते, एप्रिल-मेमध्ये फॉर्मल पँट घालून हे सोसून बघ. हंटरचं इंजिन हवा आणि ऑइलवर गार होतं, तेही तापतं, पण ती फुंकर नसते.

तिसरी गोष्ट उंची आणि वजन, यावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो कारण मी पडलोय. काही वर्षांपूर्वी मी एक उंच गाडी घेतली, नाव सांगत नाही, गाडीची चूक नव्हती. माझी उंची तुझ्यापेक्षा इंचभरच जास्त. नळस्टॉपच्या सिग्नलला थांबलो, डावा पाय खाली टेकवायला गेलो तर रस्त्याला तिथे नेमका उतार, पाय हवेत, आणि गाडी अगदी सावकाश, कुणीतरी आजारी माणसाला आडवं करावं तशी आडवी झाली. स्पीड शून्य. शेजारच्या पीएमटी बसमधल्या एक काकू खिडकीतून म्हणाल्या, लागलं का हो? लागलं नव्हतं, पण ते "हो" अजून लागतंय. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर, वजन १९६ किलो, पुढचं चाक २१ इंची. गाडी झकास आहे, ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएस, खराब रस्त्यावर हिच्यासारखी दुसरी या किमतीत शोधावी लागेल, पण पाच फूट चारवाला माणूस तिच्यावर बोटांच्या टोकांवर उभा राहतो आणि मागे आई बसली की तीच टोकं थरथरतात. हंटर ७९० मिलिमीटर, १८१ किलो, १७ इंची चाकं. आकडे बघून पस्तीस मिलिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण ते अख्खी टाच टेकणं आणि न टेकणं यातलं अंतर आहे. सीटची रुंदीही बघ, रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तीच उंची दोन बोटं जास्त वाटते. बूट मात्र ऑफिसचेच घालून जा, जाड सोलचे ट्रेकिंग शूज घालून स्वतःला फसवू नकोस.

बाबांकडे येतो. त्यांचा अभिमान मी समजू शकतो, नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली तेव्हा पुण्यात प्रत्येक कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती पोरं उभी असायची, मी पण होतो. पण फ्रीडम १२५ तुझ्यासाठी नाही. जुलै २०२४ ला पुण्यातच ती लाँच झाली, जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल, सीटखाली दोन किलोची सीएनजी टाकी आणि वर दोन लिटर पेट्रोल, दोन्ही मिळून ३३० किलोमीटरचा कंपनीचा दावा. कल्पना कौतुकाची आहे आणि दिवसभर फिरणाऱ्या माणसाला, डिलिव्हरीवाल्याला ती फळेल. तू मात्र दर तीन-चार दिवसांनी सीएनजीच्या रांगेत रिक्षांच्या मागे उभा राहशील, आणि वाचवलेले पैसे तिथेच चहा-क्रीमरोलवर जातील. शिवाय तिचीही सीट ८२५ ची आहे हे बाबांना सांग, आईला चढवून बघा म्हणावं.

पल्सरचं मात्र बाबांचं अगदीच चूक नाही. पल्सरमधली एनएस४००झेड ही तुझ्या बजेटमध्ये बसणारी खरी चारशेच्या घरातली गाडी, ३७३ सीसी, मे २०२४ ला १ लाख ८५ हजारांना आली तेव्हा भल्याभल्यांनी किंमत दोनदा वाचली. राइड मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, सगळं आहे. तू एकटा असतास आणि पाच फूट आठ असतास तर मी म्हणालो असतो, जा, आणि मला पेढे पाठव. पण तिची मागची सीट वेगळी आणि वर चढवलेली आहे, दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईने तिथे पाय टाकायचा म्हणजे सूर्यनमस्कारच. आणि ती त्या ३५० च्या रेषेच्या पलीकडे आहे. बाबांना वाईट वाटलं तर हेही सांग की केटीएमच्या ३९० आणि ट्रायम्फच्या ४०० या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातच बनतात, पोरगा कुठलीही बघून आला तरी निम्म्या वेळा घरचीच गाडी बघून आलाय.

आता आई. साडी नेसून एका बाजूला बसते की ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून, हे तू लिहिलं नाहीस आणि सगळं त्यावर आहे. एका बाजूला बसत असेल तर डावीकडचा साडीगार्ड, पाय ठेवायची पट्टी आणि मागची पकडायची दांडी हे तिन्ही नीट पाहिजेत, साडीगार्ड कायद्यानेही लागतो, तो "लूक खराब होतो" म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकणाऱ्यांपैकी होऊ नकोस. टेस्ट राइडला आईला घेऊन जा, रोजच्या चपलांवर, आणि तिला तीनदा चढ-उतर करायला सांग. पहिल्यांदा सगळ्या आया छान आहे म्हणतात, तिसऱ्यांदा खरं बोलतात. हंटरची सीट सलग आणि खाली आहे पण मागे तशी आखूड, आई अंगाने भरलेली असेल तर तिला क्लासिक ३५० वर बसवून बघ, तीच ताकद, तेच इंजिन, ८०५ ची सीट, फक्त गाडी १९५ किलोची, म्हणजे पार्किंगमधून मागे ओढताना घाम तुझा.

आणि एक सांगू का, गुरुवारसाठी गाडीवर एवढा विचार नकोच करूस. आईला स्वारगेटपर्यंत ने, तिथून मेट्रो पकडली की पुढचंच स्टेशन मंडई, सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, आत सरकते जिने, लिफ्ट. दत्तमंदिर तिथून चालत. मंडईत गुरुवारी पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा तू स्वारगेटला चहा पी. माझ्या मावशीला हे पटायला तीन गुरुवार लागले, आता ती मला बरोबरही नेत नाही.

तर माझं मत हंटर ३५०. पण डोळे मिटून नाही. ती ऑगस्ट २०२२ ला आली तेव्हा मागचं सस्पेन्शन इतकं कडक होतं की सिंहगड रोडवरचा प्रत्येक खड्डा मणक्यात नोंदवला जायचा, एप्रिल २०२५ च्या अपडेटमध्ये ते बदललं, वर तो स्लिप-असिस्ट क्लच आला, ग्राउंड क्लिअरन्स १० मिलिमीटरने वाढून १६० झाला, वरच्या व्हेरिएंटला एलईडी हेडलाइट, टाइप-सी चार्जर. त्यामुळे तुला जुना स्टॉक "आठ हजार डिस्काउंट" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडून परत ये. सगळ्यात स्वस्त व्हेरिएंटही नको, त्यात मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला. पावसाळ्यात वारज्याच्या पुलाखाली ऑइल सांडलेलं असतं आणि समोर अचानक कुणीतरी थांबतो, तेव्हा दोन्ही चाकांचं एबीएस पाहिजे, यावर घासाघीस नाही. अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर घे, स्पोकचं चाक फोटोत छान दिसतं पण ट्यूबचं पंक्चर रात्री साडेदहाला खेड शिवापूरला काढून घ्यायची मजा एकदा घेतली की फोटोची हौस फिटते.

दोषही ऐक. हायवेला ८०-९० पर्यंत ती गाते, शंभरच्या पुढे धापा टाकते, हॅन्डलला मुंग्या येतात. टाकी १३ लिटरचीच. मायलेजच्या जाहिरातीतला आकडा आपल्याच एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीवरून येतो, तू सकाळी फिरायला जात असशील तिथलाच, पण तो रोलरवर, ठरलेल्या चक्राने चालवून काढलेला असतो, तिथे नवले पूल नसतो. तुला लिटरला तीस-बत्तीस मिळाले तर खूश राहा. ३९० वाला मित्र बायपासला तुझ्या बाजूने असा जाईल की तुला फक्त नंबरप्लेट दिसेल, तेव्हा जळफळाट होईल, होऊ दे, पुढच्या सिग्नलला तो तिथेच उभा असतो.

आईने हंटर आणि क्लासिक दोन्ही नाकारल्या किंवा लोनचा आकडा बघून तुझ्या पोटात गोळा आला तर टीव्हीएसची अपाचे आरटीआर १६० ४व्ही बघ, साडेसतरा पीएस, वजन दीडशेच्याही आत, रोजच्या पन्नास किलोमीटरला भरपूर झाली. बाबांच्या समाधानासाठी पल्सर एन१६० पण बघ, २०२२ ला आली तेव्हा त्या वर्गात दोन्ही चाकांना एबीएस देणारी ती पहिली. स्पीड ४०० मला स्वतःला या सगळ्यांत जास्त आवडते, पहिल्या सर्व्हिसनंतर थेट १६,००० किलोमीटरची सर्व्हिस, फिनिशिंग बघत राहावं असं, पण तुझ्या बजेटला ती ताण देते आणि लोन तुझं आहे, माझं नाही.

लोनवरून आठवलं. शोरूममधला फायनान्सवाला "नऊ टक्के फक्त" म्हणेल तेव्हा विचार, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) की रिड्यूसिंग (फेडून उरलेल्या रकमेवर). दीड लाखाला तीन वर्षं नऊ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ४०,५०० आणि हप्ता ५,२९२, आणि हेच रिड्यूसिंगमध्ये मांडलं तर सोळा टक्क्यांच्या वर जातं. तुझा पगार ज्या बँकेत येतो तिथे आधी विचार. कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्जेस" अशी ओळ असते, मी ती पेनने खोडून कागद परत सरकवतो, एका शोरूमने मला त्यावर चहा पाजून वीस मिनिटं समजावलं, चहा प्यायलो आणि ओळ खोडलेलीच ठेवली. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन मोबाइलवर काढून दाखवलं की त्यांचा आकडा आपोआप उतरतो, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारा) मात्र घे, निदान पहिली तीन वर्षं.

अ‍ॅक्सेसरीज शोरूममध्ये घेऊ नकोस, क्रॅशगार्ड आणि मोबाइल होल्डर नाना पेठेत निम्म्यात मिळतो. पण तिथे कुणी वायरिंग कापून फॉगलाइट जोडून देतो म्हणाला तर नको म्हण, वॉरंटीला तेवढंच निमित्त पुरतं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर नकोच, पुण्यात पोलिसांनी ते रोडरोलरखाली चिरडलेत. वाचलेल्या पैशात हेल्मेट घे, शोरूममधून गाडीबरोबर येणारं नाही, आयएसआयचं, डोक्याला घट्ट बसणारं, गालाला दाबणारं, एक तुला एक आईला. आपल्या गावात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघालेत हे मला माहितीये, मोर्चेवाल्यांना नवले पुलाच्या उतारावर कंटेनर शेजारून जातो तेव्हा काय वाटतं ते एकदा विचारायचंय. आणि तू तिथे हायवेवर चढूच नकोस, सर्व्हिस रोडनेच ये, दहा मिनिटं जास्त लागू देत.

लडाखचं विसरलो नाहीये. आधी हंटरवर ताम्हिणीतून कोकणात उतर, एक रात्र राहा, वरंधा घाटातून भोरला वर ये (पावसाळ्यात नको, तो बंद असतो बऱ्याचदा), दुसऱ्या दिवशी पाठ आणि ढुंगण काय म्हणतंय ते बघ. एक्सप्रेसवेला टू-व्हीलर चालत नाही त्यामुळे लोणावळ्याला जुन्या हायवेनेच जायची सवय तुला असेलच. असे तीन-चार दौरे झाले आणि तरी लडाख डोक्यात असेल तर विमानाने लेहला जाऊन तिथे हिमालयन भाड्याने घे, पंधरा दिवस जे पाहिजे ते मिळतं, बाकीचे साडेतीनशे दिवस तिची उंची आणि हप्ता सांभाळावा लागत नाही. हंटर घेऊन गेलास तरी जाशील म्हणा, लोक स्प्लेंडरवर जाऊन आलेत.

अजून एक, बाबांची पल्सर २००९ ची म्हणजे तिचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२४ मध्ये संपलं. रिन्यू केलं होतं का? पत्रात तू गाडी धूर सोडते एवढंच म्हणालास, म्हणून विचारतोय. केलं नसेल तर आधी ते बघ, एखाद्या दिवशी चांदणी चौकात मामांनी हात दाखवला तर नव्या गाडीच्या डाउनपेमेंटमधलेच पैसे जातील. एक्सचेंजमध्ये तिचे कवडीमोल देतील, बाबांना विचारून ठरव.

गाडी बहुतेक तुम्ही दसऱ्याला नाहीतर पाडव्याला काढणार, घरात तसं वातावरण दिसतंय. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, गाडी धुवून, रिबन लावून, हातात चावी आणि फोटो, कुणी काही तपासत नाही. तर दोन दिवस आधी जा, दिवसाउजेडी. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या सर्टिफिकेटवर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष बघ, चार-पाच महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी माग, चॅसिस नंबर कागदाशी जुळतो का बघ, टाकीवर बोट फिरव, टायरवर छापलेला तो बनल्याचा आठवडा-वर्ष वाच, हेडलाइट, हॉर्न, दोन्ही इंडिकेटर, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून खाली वाकून ऑइलचा थेंब येतोय का बघ. मग त्याच गाडीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवून घे. मुहूर्ताला फक्त हार, पेढे आणि चाकाखाली लिंबू.